पांढरं माझं, पिवळं तिचं

८ जुलै

रक्तातल्या प्रथिनांचा आकडा दोन पूर्णांक तीन आला. साडेतीन हवा होता. शाळेत असतो तर अशा मुलाच्या बापाला बोलावून घेतलं असतं.

दवाखान्यात आहार पाहणारी मुलगी नवीन आहे. घरचं नाव कुंग, म्हणजे कोळंबी, आणि बसण्याची तऱ्हाही तशीच, पुढे वाकून. तिने मला सगळं पहिलीच्या पोरासारखं समजावलं. मी दिवसातून चार वेळा नळीने पोटात पाणी भरतो आणि काढतो. त्या पाण्याबरोबर रक्तातली घाण जाते, तशी प्रथिनंही जातात. ती खाऊन भरून काढली नाहीत, तर जंतूंशी झुंजायला अंगात काही उरत नाही. या वर्षात पोटात दोनदा जंतू शिरले. तिसऱ्यांदा झालं तर नळी काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मग घरी बसून हे चालायचं नाही, आठवड्यातून तीन दिवस मशीनवर. मशीन इथून नव्वद किलोमीटर. म्हणजे गाव सोडून चोनबुरीला वन्नाकडे, मुलीच्या घरी राहायचं. २४ सप्टेंबरला पुन्हा रक्त तपासणार आहेत.

मी जाणार नाही. माझ्या बायकोच्या, खामपुनच्या अस्थी विहाराच्या कुंपणाला लागून असलेल्या छोट्या स्तूपात आहेत. तिला जाऊन सहा महिने झाले. वन्नाला कारखान्यातून वर्षाला दोनदा रजा मिळते. मी गेलो तर खामपुनच्या नावाने भिक्खूंच्या पात्रात घास कोण घालणार? पात्रात पडतं तेच गेलेल्या माणसाला पोहोचतं. हे मी शाळेत कधी शिकवलं नाही, पण मानतो.

कुंगने एक वही दिली. किती पाणी आत, किती बाहेर, वजन, आणि काय खाल्लं ते रोज लिहायचं. सहा अंड्यांचं पांढरं, शिवाय तळहाताएवढा मासा किंवा कोंबडी. पाडेक बंद. मडक्यात मिठात मुरवलेले ते मासे काढून घेतले तर आमच्या जेवणात राहतं काय, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, तिची आजीपण हेच विचारते.

ही दुसरी वही मी बाजारातून आणली. हिच्यात खरं लिहीन.

१२ जुलै

दवाखान्याच्या वहीत लिहिलं: सकाळी चार पांढरी, दुपारी दोन, भाजलेला मासा. खरं जेवण: चिकट भात, उकडलेला पाला, मिरचीची चटणी. अंडी सहा उकडली होती, ते खोटं नाही. पण ती न सोलताच सकाळी भिक्षेला आलेल्या भंतेंच्या पात्रात ठेवली.

चाळीस वर्षं वह्या तपासल्या. नक्कल केलेला गृहपाठ मला लांबून ओळखू यायचा. कुंगला ओळखू येणार नाही, ती अजून कच्ची आहे.

खामपुन होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. चार वर्षं तिनेच पाण्याची पिशवी खुंटीला लटकवली, मी हात नीट धुतले की नाही यावरून माझ्याशी भांडली, आणि रोज सहा अंडी उकडली. पांढरं माझं, पिवळं तिचं. पिवळं मला वर्ज्य आणि टाकून देणं तिच्या जिवावर यायचं. मी पाणी बदलून खोलीबाहेर येईपर्यंत तिच्या ताटलीतलं पिवळं संपलेलं असायचं. म्हातारपणी आमच्या वाटण्या झाल्या, असं मी आल्यागेल्याला सांगायचो आणि लोक हसायचे.

२१ जुलै

वर्षावास सुरू झाला. या तीन महिन्यांसाठी कुणी दारू सोडतो, कुणी सिगारेट. मी असा नेम केला की वर्षावास संपेपर्यंत रोज सकाळी खामपुनच्या आवडीचं पात्रात घालायचं. अंडी, भाजलेला मासा, कधी कोंबडी. मग चिंचेच्या बुडाशी पाणी ओतून तिचं नाव घ्यायचं. पाणी जिरेपर्यंत मी तिथे उभा राहतो. दिवसभरात तेवढी पाच मिनिटं बरी जातात.

मला स्वतःला भूक नाही. पोटात दोन लिटर पाणी घेऊन हिंडणाऱ्याला कुठली भूक? आणि चिकट भात ही एकट्याने खायची वस्तूच नव्हे. टोपली मधे ठेवायची, चारी बाजूंनी हात यायचे, आपण वळलेला गोळा दुसऱ्याने पळवायचा, तेव्हा तो गोड लागतो. एकट्यापुरता वाफवला की टोपलीच्या तळाशी मूठभर पडून असतो. झाकण उघडलं की तो आधी दिसतो आणि मग घर दिसतं. फार रिकामं दिसतं.

४ ऑगस्ट

शेजारीण बुआला येऊन गेली. कुंपणापलीकडे राहते, नवरा जाऊन दहा वर्षं झाली, आणि गावची आरोग्यसेविका असल्यामुळे दुसऱ्याच्या घरात शिरायचा तिच्याकडे सरकारी परवाना आहे. तिने माझं वजन केलं. दीड किलो वाढलं होतं. बघ, म्हटलं. तिने माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. हे मांस नव्हे, पाणी आहे, म्हणाली.

“जेवलात, गुरुजी?”

“जेवलो.”

“काय जेवलात?”

हे ‘काय’ कुणी विचारत नाही. जेवलात का म्हणायचं, जेवलो म्हणायचं, आणि आपापल्या वाटेने जायचं, अशी रीत आहे. मी अंडी सांगितली. ती मागच्या दारी जाऊन आली आणि विचारू लागली, टरफलं कुठे टाकता? मिरचीच्या आळ्यात पुरतो म्हणालो. ती म्हणाली, मिरच्यांचं नशीब थोर आहे.

तिने केळीच्या पानात वाफवलेला मासा आणला होता, पाडेक न घालता, माझ्यासाठी वेगळा. पुडी ठेवून ती पायरीवर बसली ती बसलीच. तासभर. भाताची टोपलीही तिच्याजवळच होती. मला कळेना, ही घरी जाऊन जेवत का नाही. शेवटी मीच म्हटलं, उशीर होतोय तुला. तेव्हा गेली.

मासा सकाळसाठी ठेवला. खामपुनला आवडेल.

१६ ऑगस्ट

वन्नाने प्रथिनांच्या भुकटीचा डबा पाठवला. भारी दिसतो, सोनेरी झाकणाचा. फोनवर म्हणाली, दिवसातून दोन चमचे, बाबा, पाण्यात कालवून, वास आला तर नाक धरा. मग म्हणाली, इकडे या ना. तुमच्यासाठी खोली रिकामी केलीय. मी म्हटलं, तुझ्या आईला एकटी सोडू? ती म्हणाली, “बाबा, एकटे तुम्ही आहात.” लाइन खराब आहे म्हणून मी फोन ठेवला.

१८ ऑगस्ट

घरातली सगळ्यात चांगली वस्तू दान करावी. डबा पात्रात घातला. मावेना, म्हणून मागच्या भिक्खूने हातात घेतला.

२१ ऑगस्ट

तीन दिवस झाले. लिहायलाही लाज वाटते.

भंते माझ्या दारावरून पात्राचं झाकण न उघडता जातात. पहिल्या दिवशी वाटलं, त्यांचं लक्ष नसेल. मी टोपली घेऊन दोन पावलं पुढे झालो. ते खाली बघत तसेच पुढे गेले, मागचे दोघंही गेले. आज शेजारच्या तिन्ही घरांसमोर थांबले आणि माझं घर सोडून चौथ्यासमोर थांबले. पात्र झाकून पुढे जाणं ही शिक्षा आहे. संघाचा घात करणाऱ्याला ती देतात. उभ्या हयातीत मी ती कुणाला झालेली पाहिली नाही.

आणि हे भंते कोण? थोंगसुक. दुसरीत दोन वर्षं बसलेला. शाळेच्या चिंचा चोरताना मी याला झाडावरून खाली उतरवलाय.

अंडी परत घरात आणली. संध्याकाळपर्यंत ताटलीत तशीच होती. ती बघवेनात म्हणून वर टोपली पालथी घातली.

२४ ऑगस्ट

भांडायला विहारात गेलो. भंते अंगण झाडत होते. मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, तेही मोजून अर्धा पेला. मला पाणी बेतानेच चालतं हे त्यांना ठाऊक आहे. बुआलाचं काम, दुसरं काय.

भंते आत जाऊन तो डबा घेऊन आले.

“गुरुजी, हा माझ्यासाठी होता?”

“तिच्यासाठी.”

“यावर लिहिलंय, पोटातून डायलिसिस करणाऱ्यांसाठी. वाचायला मी तुमच्याकडेच शिकलो.”

ते म्हणाले, दान आपल्या ताटातलं द्यायचं असतं, आपला जीव आणून पात्रात टाकायचा नसतो. तो मी खाल्ला तर कोणत्या तोंडाने प्रवचन देऊ? तुम्ही जेवू लागा, त्या दिवशी झाकण उघडतो. रोज सकाळी इथे या. आमचं जेवण झाल्यावर उरलेलं खायला सगळे बसतात, त्यांच्यात बसा.

मी म्हटलं, आणि तिला कोण घालणार? मग जे मी वन्नालाही सांगितलेलं नाही, ते माझ्या तोंडून निघालं. चार वर्षं, रोज सहा पिवळी. आठ हजार सातशे साठ होतात. हृदयाची नस तुंबली, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या ताटातलं जे मला नको होतं, ते खाऊन ती गेली.

भंतेंनी झाडू खाली ठेवला. मला औषधातलं कळत नाही, गुरुजी, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “काकूंना आवडायचं का पिवळं?”

“आवडायचंच. नाहीतर खाल्लं असतं कशाला?”

“कधी विचारलं होतं?”

मी उठून घरी आलो. त्यांच्या पंक्तीचं उरलेलं खायला जाणार नाही. मुख्याध्यापक होतो मी.

२ सप्टेंबर

दुपारी काढलेलं पाणी गढूळ वाटलं. गढूळ म्हणजे पुन्हा जंतू. पिशवीखाली वर्तमानपत्र धरलं. पाण्यातून अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ, असं दवाखान्यात शिकवलंय. चष्मा सापडेना. सापडल्यावर वाचलं: उसाचे भाव, एक अपघात, एक लग्न. स्वच्छ होतं.

बरं झालं म्हणून सांगायला कुणी नव्हतं. जमिनीवर बसून रडलो. चौसष्टाव्या वर्षी उसाचे भाव वाचून रडणारा माणूस पहिलाच असेन.

१७ सप्टेंबर

गेलेल्या माणसांच्या नावाने चिठ्ठ्या टाकायचा सण आज होता. प्रत्येक घर आपलं दान आणतं, त्यावर आपल्या माणसाच्या नावाची चिठ्ठी लावतं, आणि भिक्खू तशाच चिठ्ठ्या उचलतात. ज्याच्या हाती जे नाव येईल, ते दान त्याचं. चिठ्ठीने आलेलं कुणालाही नाकारता येत नाही. मी महिनाभर याच दिवसाची वाट बघत होतो. आता कसं झाकशील पात्र, म्हटलं. सहा अंडी, भाजलेली कोंबडी, भात. वर चिठ्ठी, खामपुन, माझ्या चांगल्या अक्षरात.

विहारात तीनच भिक्खू. नाव भंतेंच्याच हाती आलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि दान घेतलं. मी जिंकलो असं वाटलं, पण ते वाटणं मोजून तीन मिनिटं टिकलं. त्यांनी कोंबडीचा एक तुकडा खाल्ला, मंत्र म्हटले, आणि ती टोपली उचलून सगळ्या गावादेखत माझ्यासमोर आणून ठेवली.

“काकूंना पोहोचलं. उरलेलं घरच्यांनी खायचं असतं. तिच्या घरचे तुम्हीच.”

हे नाकारता येत नाही. नाकारलं तर ते तिला नाकारणं. लोकांनी चटईवर सरकून मला जागा केली. मांडी घालून बसलो, पोटात पाणी असल्याने जरा तिरकाच. अंडी सोलली, पिवळी बाजूला पानावर काढली. शेजारी बुआला होती. टाकायचं कशाला, असं म्हणत तिने सवयीने एक पिवळं उचललं. मी तिचं मनगट धरलं. पोरीबाळी बघत होत्या, तरी सोडलं नाही.

“ते नको खाऊस. खामपुन खाऊन गेली.”

बुआलाने पिवळं पानावर परत ठेवलं. मग म्हणाली, “ताई कुठे खायची? ताई माझ्या बदकांना घालायची. कुंपणावरून हाक मारायची, बुआला, घे गं. पिवळं तिच्या घशाखाली उतरायचं नाही.”

“मला तर खाल्लं म्हणायची.”

“तुम्ही नाही का म्हणत, जेवलो म्हणून?”

खोटं बोलणारं मूल हाताला चाळा लावून घेतं, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. बुआला भाताचा एकच गोळा वळत होती, पुन्हा पुन्हा वळत होती, तोंडात घालत नव्हती. भंते दुसरीकडे बघत होते. खरंच का, असं मी विचारू शकलो असतो. विचारलं तर ती खरं सांगेल, याची भीती वाटली. मी मनगट सोडलं. सहाही पांढरी खाल्ली, कोंबडी खाल्ली. भात माझ्या बाजूने कुणीतरी पळवला.

२४ सप्टेंबर

वडापच्या गाडीने दवाखान्यात गेलो. आकडा दोन पूर्णांक दोन. आठवडाभराच्या जेवणाने काय होणार? 

कुंगने वही उघडली, पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. रोज सहा पांढरी, रोज मासा, एक दिवस चुकलेला नाही. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “गुरुजी, तुम्ही तर सगळं केलंत. एवढं खाऊनही आकडा खाली जातोय, म्हणजे पोटातून जास्तच वाहून जातंय. हे आता तुम्हाला सोसत नाही. मी डॉक्टरांना मशीनचं सांगते.” ती उठलीसुद्धा.

नळी स्वच्छ होती, पाणी स्वच्छ होतं, आणि माझ्या सुंदर अक्षरामुळे मी चोनबुरीला निघालो होतो.

बस, म्हटलं. मग सांगितलं. अंडी कुठे गेली, मासा कुठे गेला, डबा कुठे गेला. तिच्या आजीच्या वयाचा मी, तिच्यासमोर उभा राहून कबुली देत होतो. हात मागे बांधलेत हे मला नंतर कळलं. ती रागावली. रागावून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या वहीतलं पान न् पान मी खरं धरलं, म्हणाली.

“मुलं खोटी वही लिहायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?”

“फाडून पुन्हा लिहायला लावायचो.”

तिने फाडली नाही. नवी दिली. डॉक्टरांनी डिसेंबरपर्यंत मुदत दिलीय. तोवर जंतू शिरले नाहीत आणि आकडा हलला, तर घरी राहायचं. नाहीतर वन्नाने खोली रिकामी केलेलीच आहे.

२६ सप्टेंबर

काल कुंपणाशी जाऊन बुआलाला विचारलं, खामपुनला काय आवडायचं. इतकी वर्षं नवरा तुम्ही होतात की मी, म्हणाली. पण सांगितलं. माशाच्या गालातलं मांस. दोन घासांचं असतं तेवढंच. “पण ते तुमच्या पानात जायचं ना.”

जायचं खरं. चाळीस वर्षं गेलं. गालातलं मऊ असतं, मला आवडतं, आणि ती काटे बाजूला करून ते माझ्याकडे सारायची. तिला नको असतं, असं मी धरून चाललो.

आज पहाटे मासा भाजला. डोकं तेवढं केळीच्या पानात बांधून दारात उभा राहिलो. भंते आले, थांबले, पुडीकडे बघितलं. बाकीचा मासा कुठे आहे, विचारलं. चुलीवर आहे, म्हटलं, माझ्यासाठी. त्यांनी झाकण उघडलं.

मग पाणी ओतलं, तिचं नाव घेतलं, आणि घरात येऊन एकटा जेवायला बसलो. मासा मिठाविना नुसताच भाजलेला, चवीला काही नव्हता. काटे काढायला फार वेळ लागला. ते काम मी कधी केलेलं नाही. पण संपवला.